दिवेलागण

नियम एका ओळीचा :
'रात्री खाडीत जाळे टाकू नये.'
न्याबोके मॅडमनी तो फळ्यावर लिहिला
आणि खडू खाली ठेवला, न्हावी वस्तरा ठेवतो तसा.

किसुमूत दुपारचे दोन. सरोवराकडची खिडकी उघडी.
ओबुया नावाचा कोळी, होडी 'सुबिरा', म्हणजे धीर,
पकडला सात वाजून पाच मिनिटांनी.
सूर्य बुडाला सहा बेचाळीसला.
मधली तेवीस मिनिटं
आज आमच्या बाकांवर वाटून दिली होती.

मी सरकार पक्ष. आधी शब्दकोश काढला :
सूर्यास्त ते सूर्योदय, ती रात्र.
खाली बसलो. वाटलं, मिटलं.
मॅडम म्हणाल्या, कलम नऊ वाच.
'सूर्यास्तानंतर होडी भाड्याने देऊ नये.'
म्हणजे लिहिणाऱ्याला सूर्यास्त हा शब्द येत होता.
मग इथे त्याने रात्र का लिहिली?
शब्दकोश मुकाट्याने पिशवीत गेला.

मागून किप्रुटो : हेतू बघा.
मासळी अंधारात काठाशी येते अंडी घालायला,
नियम तिच्यासाठी आहे, घड्याळासाठी नाही.
'मासळीला विचारलंस?' कुणीतरी म्हणालं. हशा.
पण हसता हसता बोचलंच,
हेतू आपण नेहमी
गैरहजर साक्षीदाराच्या तोंडी घालतो.

मग जुनं इतिवृत्त. कडा उंदरांनी खाल्लेल्या.
मसुदा करणारा साहेब दूर उत्तरेचा,
जिथे उन्हाळ्यात संध्याकाळ
निघते निघते म्हणत दोन तास उंबऱ्यात उभी असते.
इथे विषुववृत्तावर ती म्हणजे पेटीचं झाकण.
त्याने लिहिलेली रात्र कुठली,
त्याच्या घरची की आमच्या?

तेव्हा अवूर उठली.
'आमच्यात जन्मवेळेवरून नाव पडतं.
संध्याकाळचा ओधियाम्बो, रात्रीचा ओतियेनो.
माझी आत्या सुईण. घड्याळ नव्हतं तिच्याकडे.
नाळ कापायला दिवा लावावा लागला, तर रात्र.
नाही लागला, तर अजून संध्याकाळ.
गावानं तिचा निकाल जन्मभर नावात वागवला.
एकानेही अपील केलं नाही.'

कुणीतरी बाक वाजवला.
बोलणाऱ्यांच्या तोंडी असतो तो शब्दाचा अर्थ,
हे आम्ही पुस्तकात खूण करून वाचलं होतं.
त्याला नाळेचा वास आज आला.

ओबुया आता सुटणार.
मी पंचनामा चाळत बसलो, हरलेला माणूस चाळतो तसा.
तिसऱ्या पानावर शिपायाची ओळ :
'टॉर्च लावून होडीवरचे नाव वाचले.'

मी ती मोठ्याने वाचली.
वाचायची नव्हती.
अवूर उभीच राहिली.
तिच्या आत्याचा दिवा
तिच्याच अशिलाच्या तोंडावर पडला होता.

बऱ्याच वेळाने म्हणाली,
'सुबिरा मी पाहिलीय. रंग उडालाय.
भर दुपारीसुद्धा ते नाव...'
वाक्य तिथेच राहिलं.
'हा पुराव्याचा प्रश्न झाला,' मॅडम म्हणाल्या,
'अर्थाचा नव्हे. दोन्हींची गाठ मारू नका.
आणि शेवटी शंका उरली, तर तिचा फायदा कोणाला?'
आरोपीला, आम्ही पाढा म्हटल्यासारखे.
'ठीक. पण आधी बघा,
खरंच शंका उरली आहे,
की तुम्ही दमला आहात.'

घंटा झाली. फळा कुणी पुसला नाही.

संध्याकाळी मी धक्क्यावर जाऊन बसलो, वही उघडून.
शेजारी तळलेले मासे विकणारी बाई,
कंदील पुढ्यात, काडी हातात, पेटवत नव्हती अजून.
सहा बेचाळीस. पन्नास. ओळ स्वच्छ दिसत होती.
सात. 'रात्री' दिसत होतं, 'जाळे' अंदाजाने.
सात वाजून पाच मिनिटांनी
मला कळेना, मी ते वाचतोय,
की पाठ आहे म्हणून दिसतंय.